चेहरा सोडून

गुदेबियाच्या मागच्या गल्लीत, कोल्ड स्टोअरच्या वर
आमची इमारत आहे. बाहेर पाटी नाही.
पाटी नसलेल्या जागेची मी जनसंपर्क अधिकारी.
आठ वर्षं झाली. हसायचं असेल तर हसून घ्या.

महिन्याचं पत्रक, देणगीदारांचे आभार,
रमजानात वेगळं, दिवाळीला वेगळं,
आणि शब्दांची राखण.
‘बेघर’ लिहायचं नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.
‘पाहुण्या’ लिहायचं.
पाहुणीला सहसा माहीत असतं, परत कधी जायचं ते.

अरबी मजकूर नाहिद तपासते, इंग्रजी मी.
मराठी कुणी मागत नाही,
म्हणून मराठीत खरं लिहिते,
वहीच्या मागच्या पानांवर, किराण्याच्या हिशेबाशेजारी.
तिथे एकदा लिहिलं होतं : निवारा. म्हणजे ऊन-पावसापासून.
इथे पाऊस वर्षातून दोन दुपारी,
आणि उन्हाळ्यात गार पाण्याचा नळही पोळतो.
मग खोडून लिहिलं : थारा.
तोही खोडला. माझ्या खोलीचं भाडं हीच संस्था भरते,
हे लिहिता लिहिता आठवलं.

फोटोत चेहरा घ्यायचा नाही. नियम चांगला आहे,
मीच लिहिलाय.
म्हणून मी हात काढते.
त्सेहायचे लसूण सोलणारे हात.
निरोशाचा डावा; उजव्यावर इस्त्रीचा त्रिकोण आहे,
आणि लोक जेवताना मेल उघडतात, असं साहेब म्हणाले.

पोलम्मा कडप्प्याची. अकरा वर्षं एका घरात.
एका रात्री कचरा टाकायला खाली उतरली
ती इकडेच आली. काळी पिशवी हातात तशीच,
आत दोन झगे आणि जुळ्यांनी काढलेलं एक चित्र.

मार्चच्या अंकासाठी तिचे हात काढले. तिला दाखवले.
बराच वेळ फोनकडे बघत राहिली, मग म्हणाली,
अर्धं हिंदी, अर्धं तिथलं अरबी :
माझं तोंड त्यांच्या कपाटात आहे, पासपोर्टात.
तू पण कापलंस?

मी नियम सांगितला. तिने मान डोलावली,
दुकानदार भाव कमी करत नाही तेव्हा डोलावतात तशी.

गुरुवारपर्यंत ‘यशोगाथा’ हवी होती, तीनशे शब्द.
म्हटलं, पोलम्मा, तूच सांग, काय लिहू?
लिही, जुळ्यांना मी चालायला शिकवलं.
लिही, कुनाफा मला त्यांच्या आजीपेक्षा बरा येतो.
लिही, मी चोर नाही.
शेवटचं वाक्य साहेबांनी काढलं.
चोर नाही म्हटलं की लोक विचारतात, म्हणलं कुणी?

शुक्रवारी गच्चीवर गेलो, टाक्यांच्या मागे.
तिने चाळीस मिनिटं केस विंचरले,
निरोशाची कानातली मागून घातली.
माझ्या स्वतःच्या फोनवर, सबंध चेहरा.
हसली नाही. पासपोर्टासारखी उभी राहिली.
लेकीचा नंबर तिला तोंडपाठ होता. पाठवला.

उत्तर लगेच आलं. एक ओळ, तेलुगूत.
मला वाचता येईना. तिलाही नाही.
कोल्ड स्टोअरचा शाजी मल्याळी, त्याने हात वर केले.
शेवटी लाँड्रीतला यादगिरी आला,
ओल्या हातांनी फोन लांब धरला
आणि वाचलं :
कानातली कुणाची?

पोलम्मा आधी गप्प झाली.
मग हसायला लागली, अशी की
लाँड्रीच्या पायरीवर तिला बसावं लागलं,
यादगिरी पण हसला, कशाला ते न कळता.
‘कुणाची म्हणे!’ असं काहीसं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती,
गालांवरून पाणी, तोंड उघडं, सगळे दात दिसत होते.

फोन अजून यादगिरीच्याच हातात होता.
बरं झालं.