पाणी वजा करून

श्रावणातल्या मंगळवारी, पहिल्या कदंब बसने
द्वारकी वेळीप मडगावात उतरली,
काखेत टायकिळ्याचा भारा.
आमच्या साताऱ्याकडे याला टाकळा म्हणतात,
रस्त्याकडेला माजतो, बकरीसुद्धा तोंड लावत नाही.
"फूल येण्याआधी खुडलाय," ती म्हणाली,
कोर्टात तारीख सांगावी तशी.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत वजनं टिपतो.
शंभर शंभर ग्रॅम पाला, तीन ताटं:
एक उन्हाला, एक सावलीला, एक यंत्राच्या पोटात.
ऊन नव्हतंच.
उन्हाचं ताट चार दिवस खिडकीत बसून राहिलं
मुलाकडची मंडळी येणार म्हणून बसवलेल्या मुलीसारखं
आणि पाचव्या दिवशी काळं पडलं.

पुढच्या मंगळवारी ती आली तेव्हा हसली.
सगळा गोवा मे महिन्यात पुरुमेंत भरतो,
खारं, सोलं, मिरच्या, पावसाच्या पोटासाठी.
हिचं उलटं.
पावसातला पाला ठेवायचा उन्हाळ्यासाठी,
आणि वाळवायला सूर्य मागायचा कुणाकडे?
म्हणून चुलीवर टांगलेली तट्टी, आणि धूर.
बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यातून तिने मूठभर काढून दिला,
काळपट हिरवा, बोटांत चुरणारा.
हा नमुना आमच्या यादीत नव्हता.

निळा थेंब सोडायचा. पाल्यात जीवनसत्त्व असेल
तर निळं विरून जातं.
ओल्या पाल्याने थेंबामागून थेंब गिळले,
मी मोजताना दोनदा चुकलो.
सावलीतल्याने अकरा.
यंत्रातल्याने सात.
धुरातल्याने तिसऱ्यालाच
गुलाबी होऊन तोंड मिटलं.

लोह मात्र कागदावर सहापट.
कंटक सर खूश. "लिही, वाळवल्याने लोह वाढतं."
मी लिहिलं.
मग समासात पेन्सिलीने, बारीक: पाणी वजा.
शंभराचे सोळा ग्रॅम झाले होते,
लोह होतं तिथेच होतं,
शेजारी उठून गेले म्हणून
घरात माणसं वाढली असं कोण म्हणतं?

द्वारकीला आकडे नको होते.
तिने कमरेच्या पिशवीतून आरोग्य केंद्राचं कार्ड काढलं,
सुनेचं. रक्त: आठ.
शाईने भोवती गोल केलेला.
बाळंतपण चैत्रात,
तेव्हा डोंगरावर टायकिळ्याचं एक पान नसतं.
"डाळीत किती घालू?"

मी कॅल्क्युलेटर काढला.
मूठभर सुका म्हणजे ओल्याची एवढी जुडी,
पण आंबट जे होतं ते गेलं, आणि त्याच्याशिवाय
लोह अंगी लागायला कुरकुरतं,
म्हणजे बाहेरून काहीतरी—लिंबू, आवळा, गोळ्या—

"मागीर तोर घालतां हांव," ती म्हणाली.
कोवळी कैरी. चैत्रात असतेच.
तिची सासूही घालायची,
का, ते कुणी विचारलं नव्हतं.

मी कॅल्क्युलेटर खिशात ठेवला.
खिशातून दुसऱ्या दिवशीही धुराचा वास येत होता.
अहवालात तीनच ताटं गेली,
काळ्या पडलेल्या ताटासकट.

ती प्लास्टिकची पिशवी परत मागून घेऊन गेली,
झटकली, घडी केली,
एक दहाची बस होती.