टोकन तरतूद

मी विधानसभेत प्रतिवेदक आहे.
कोण काय बोललं ते बोलल्यासारखं उतरवायचं,
सगळे एकदम बोलले तर कंसात लिहायचं: गदारोळ.

अकरा वर्षं झाली, ही मागणी
दुपारच्या जेवणानंतरच येते,
सभागृहाच्या पापण्यांवर हुमण-भात बसलेला असतो तेव्हा.
लेखाशीर्ष: स्थानिक रेल्वे सेवा,
पेडणे ते काणकोण, कुळे ते वास्को.
तरतूद: रुपये एक हजार.

छापखान्याची चूक नाही.
पुढे लाख नाही, कोटी नाही. हजार.
शीर्ष मरू नये म्हणून
राखेवर घालतात तेवढी फुंकर.

मंत्री म्हणतात, आमचा निम्मा वाटा तयार आहे,
आधी केंद्राने आपला द्यावा.
केंद्राचं पत्र म्हणतं, राज्याने आधी भरावा,
पत्राची प्रत पटलावर ठेवली जाते
आणि पटल, बिचारं, सगळं सोसतं.
समोरच्या बाकावरून हेच मंत्री सात वर्षांपूर्वी ओरडले होते,
"तुमच्याकडे पैसा नाही की मन नाही?"
दोन्ही वाक्यं माझ्याच हातची.
मध्ये एक पक्षांतर आणि माझा एक चष्मा.

एका सदस्याच्या मेव्हण्याच्या चौदा बसगाड्या आहेत,
ते म्हणाले, लोकांना गाडीची सवय नाही.
(हशा)
एक नवखी बाई सदस्य उठून म्हणाली,
कोळशासाठी दुसरा रूळ टाकताना
कुणी कुणाचा वाटा विचारला होता?
हे वाक्य कामकाजातून वगळण्यात आलं.
म्हणून इथे लिहून ठेवते.

सहाला कामकाज संपतं.
पर्वरीहून पणजी, पणजीहून मडगाव, मडगावहून कुडचडे,
तिथून पायलटच्या मागे बसून खुरसाकडे हॉल्ट,
कारण घर रुळाच्या पलीकडे आहे.
तीन बसगाड्या नि एक मोटारसायकल,
आणि अर्धी वाट शेजारून
रिकामा रूळ माझ्याबरोबर धावतो.

हॉल्टवर रुजार कुलास तिकिटं विकतो, कमिशनवर.
दिवसाला दोन गाड्या, त्यातली एक बहुधा रद्द.
खिडकीवरचा बल्ब त्याच्या घरचा.
"बाय, यंदा कितें दिलें?"
"हजार."
"वाडोवंक ना?"
"ना."
तो बोटांवर हिशेब करतो:
एक ट्यूब, एक पट्टी, वायरमनचा चहा,
उरलेच तर झाडू.
चिडत नाही. माझीच मान खाली जाते,
जणू पैसे मी पर्समध्ये ठेवून घेतले.

बाकडं मात्र आहे. सिमेंटचं, निळा रंग दिलेलं.
पिएदाद माशांची पाटी घेऊन इथेच उभी राहायची,
गुडघे गेले तरी उभी.
ती गेल्यावर तारवटी मुलाने बोटीवरून पैसे पाठवले,
साडेनऊ हजार, गवंड्यासकट.
निम्मा वाटा कोणाकडे मागितला नाही.
पाठीवर कोरलंय: आईच्या स्मरणार्थ समर्पित.

समर्पित.
एकतीस मार्चला आमच्या कागदांतही हाच शब्द येतो:
सदर रक्कम अखर्चित, शासनास समर्पित.
अकरा वेळा वाचलाय, टंकलेखनाच्या चुका काढत.
बाकड्यावर बसल्यावरच कळलं
की तो शब्द बरा आहे, वाईट संगतीत पडलाय.

आज तिथे काळी भुकटी होती.
पर्समधली आजची कार्यक्रमपत्रिका काढली,
पुसलं. दोन पानं लागली.
तेवढ्यात मालगाडी आली,
रुजारने खिडकी ओढून घेतली.
डबे मोजले, अठ्ठावन्न, सगळे भरलेले,
न थांबता.

शेवटच्या डब्यात एकटाच गार्ड उभा होता.
त्याने मला हात केला.
मीही केला.

हे कुठल्या कंसात लिहायचं,
मला शिकवलेलं नाही.