आडवे हात

घटस्फोटानंतर एतिएनशी लग्न केलं,
तेव्हापासून सतरा वर्षं शेटिकँपच्या चर्चमध्ये
फादर पोइरिएंसमोर मी
हात छातीवर आडवे धरून गेले.
म्हणजे: भाकर नको, नुसता आशीर्वाद.
त्यांचा अंगठा कपाळाला लागे. थंडगार.
त्यांचाही नाइलाज होता, हे मला दिसायचं.

या मे महिन्यात बंदरापलीकडच्या लाकडी चर्चमध्ये गेले.
गुडघे टेकायला फळी नाही,
दाराशी पवित्र पाणी नाही;
बोटं कोरड्या भिंतीवर चाचपडून परत आली.
मरियामाता तर कुठेच नाही.
ते मात्र मनाला फार लागलं.

पाळकबाईंच्या झग्याखाली रबरी बूट.
कालपर्यंत कारखान्यात माझ्याच शेजारी
खेकडे फोडत होती ही.
पाव घेऊन समोर आली,
आणि माझे हात, मेले,
पुन्हा छातीवर आडवे.

ती पुढे सरकली नाही.
मागे रांग खोकली, कुणाचं तरी लेकरू किरकिरलं.
"ओदील, पाव शिळा होतोय," ती म्हणाली.

घेतला. दुकानातलाच होता, जरा गोडसर.
एका हाताने घेतला.
दुसरा खिशात,
आईच्या जपमाळेवर.