ङाली

शाळेतल्या तक्त्यावर घ घराचा झाला
की पुढचा चौकोन रिकामा.
ङ. चित्र नाही. बाईंची पट्टी तिथे टेकायचीच नाही,
सरळ च, चमच्यावर.
वाङ्मयात अडकलेला एक पाय सोडला
तर त्याला राहायला शब्द नव्हता.

मला तो भेटला चाळीस वर्षांनी,
सॉलोमन बेटांवर, लगुनच्या काठी
ओलिता नावाच्या म्हातारीच्या तोंडात:
ङाली.
नाकातून आलेला, गुणगुणल्यासारखा.
हे झाड, म्हणाली,
आणि शेंडा बघायला मला मान इतकी मागे टाकावी लागली
की टोपी पडली.

इथे सातबारा नसतो. ङाली असतात.
रान कितीही माजलं तरी आत
ओळीनं सात ङाली दिसल्या की समजायचं,
इथे चूल होती. कुणी जावई इथे रुसून बसला होता.
"हे माझ्या आजीच्या आईनं लावलं,
ते पलीकडचं तिच्या जावेनं.
बघ ना, मध्ये केवढी जागा सोडलीय."

झाडाखाली दगड, दगडात खळगे,
बिया फोडून फोडून पडलेले.
ओलितानं बी ठेवली. बसली.
अंगठा ठेवला. बसला.
ठेव तू, म्हणाली.
माझा नाही बसला.

गुरुवारी चर्चच्या पडवीत कंपनीचं टेबल लागलं.
साहेबाजवळ नकाशा.
ओलितानं तो दगड दोन नातवांकडून उचलून आणवला,
टेबलावर ठेवला. टेबल कललं.
साहेब हसला नाही, एवढं त्याचं चांगलं.
कागद आहे का, म्हणाला.
कागद होता. सही जेफ्ताची, तिच्या सख्ख्या पुतण्याची.
होडीला पंधरा अश्वशक्तीचं इंजिन,
पोरीची होनियारातली फी,
छपरावर पत्रे.
त्याला कुणी शिवी दिली नाही.
शनिवारी प्रार्थनेला तो मागच्या बाकावर बसला
आणि त्याच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही.

नियमात लिहिलंय, ङाली तोडायची नाही.
नियम काटेकोर पाळला गेला.
बुलडोझर प्रत्येक ङालीला
प्रदक्षिणा घातल्यासारखा वळसा घालून गेला.
पुढच्या वर्षी मी परत गेलो तेव्हा
चढणीवर उभ्या होत्या फक्त ङाली,
सगळा तक्ता पुसून
बाईंनी विसरून ठेवलेल्या त्या चौकोनासारख्या.
मध्ये लाल माती,
प्रत्येक सरीबरोबर लगुनात उतरणारी,
पोवळ्यांवर सायीसारखी धरणारी.
कबुतरं कुठे बसायची ते
त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

मग वारा आला. फार मोठा नव्हे,
पूर्वी ज्यात पोरं झोपून राहायची तेवढाच.
जावेचं झाड आधी पडलं,
आणि पडलं ते बरोबर आजीच्या आईच्या झाडावर.
दोन्ही गेली.
"मिटलं एकदाचं," ओलिता म्हणाली,
आणि दगड घेऊन बुंध्यावर बसली. दिवसभर बिया फोडत.

दुपारी जेफ्ता आला.
तो बोलला नाही, ती बोलली नाही.
फाटलेल्या खोडातून ओघळणारा चीक
तो कोयत्याच्या टोकानं करवंटीत खरवडत राहिला.
याची मशाल होते. इंजिनाला
तीन आठवडे पेट्रोल नव्हतं.
निघताना तिनं त्याच्या तळहातावर मूठभर गर ठेवला.
मोजून नव्हे. पण भरपूरही नाही.

मला एक बी दिली, कवचासकट.

विमानतळावर काढून घेतली. बी-बियाणं नेता येत नाही.
फॉर्मवर नाव लिहा, म्हणाले.
इंग्रजीत कसं लिहायचं ते कळेना
म्हणून देवनागरीत लिहायला घेतलं.
मागे रांग. पेन दोरीला बांधलेलं.
पहिलंच अक्षर काढलं, ते ड झालं,
आणि टिंब नक्की कुठे द्यायचं
ते काही केल्या आठवेना.