गाड्या मोजू नकोस, डेक बघ

स्वेन्डबोर्गच्या धक्क्यावर, फेरी कंपनीच्या वरच्या मजल्यावर
तू आलास सोमवारी, आस्गर,
बावीस वर्षांची जावा पाठीवर घेऊन,
आणि असा बसलास
की खुर्चीलाच मुलाखत द्यावी लागली.

मी काही बोलले नाही.
कॉफी दिली. कीबोर्ड दिला, ज्याच्या कळांवर
अक्षरांशेजारी उलटे त्रिकोण, आकडे, ग्रीक आयोटा.
तू हसलास : ही काय चित्रलिपी?
हसून घे. मीही हसले होते, चौऱ्याऐंशी साली,
तेव्हा माझ्याकडे कोबॉल होतं
आणि हा एवढा मोठा अंबाडा.

बुधवारपर्यंत तू साठ ओळी लिहिल्यास.
पहिली गाडी घे, वजन बघ, बेरजेत टाक,
दुसरी गाडी घे, वजन बघ...
प्रत्येक गाडीच्या काचेवर टकटक.
उत्तर बरोबर आलं, नाही म्हणत नाही.
पण ते एपीएल नव्हतं रे,
ती जावाच होती, आयोटाची टोपी घातलेली.

खिडकीतून खाली बघ, तो बोटीचा दोर.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात;
तुझा सुंभ तर अजून
काडीच्या जवळही यायला तयार नाही.

म्हणून सांगते. गाड्या मोजू नकोस, डेक बघ.
डेक ही एकच वस्तू आहे,
रांगा, ओळी, टनांचे आकडे, सगळं एका दमात.
एक अधिक, एक तिरकी रेघ,
की कळतं डावी बाजू किती, उजवी किती,
बोट कलेल की नाही,
कुणालाही नाव घेऊन हाक न मारता.

उजवीकडून सोडव. हो, शेवटापासून.
गुणाकाराला इथे बेरजेआधी पाट नाही.
शाळेतल्या बाईंनी शिकवलेलं तेवढं
खाली कोटाशेजारी खुंटीला टांगून ये,
घरी जाताना परत मिळेल.

"आमच्याकडे हे असं करतात"
हे वाक्य नाताळपर्यंत गिळ.
छोटं काही लिही. तुझ्या मुलीच्या
हँडबॉल संघाचे गोल, चढत्या क्रमाने.
अडलास की विचार,
पण विचारण्याआधी बावीस वर्षं सांगू नकोस,
मला पाठ झालीत.
मी नसले तर फिनलंडमध्ये एक तुलिक्की आहे,
रात्री दोनलाही उत्तर देते.
आधी रागावते. मग देते.
आम्ही उरलोत किती, आस्गर? एका जेवणाच्या टेबलाइतके.

हे सगळं सप्टेंबरातलं.

नोव्हेंबरात वादळ आलं. एरो बेटावर अडकलेल्यांना आणायला
बोट इथून रिकामी सुटली,
आणि कप्तानाचा फोन आला :
डेकवर एक गाडी नाही, आणि तुमचा कागद म्हणतो
सरासरी वजन एक टन.
कुणाची ही गाडी? दिसत का नाही?

ओळ माझी होती. तेवीस वर्षांपूर्वीची,
एकोणचाळीस चिन्हं, तेव्हा काय मिरवली होती मी.
बघत बसले. माझीच, आणि मला वाचता येईना.

तू खुर्ची ओढलीस.
उजवीकडून, एकेक चिन्ह बोटाने सुटं करत आलास,
आणि एका भागाकारापाशी थांबलास :
"शून्य गाड्या आल्या तर?"
शून्याला शून्याने भागलं की ही भाषा
जराही न अडखळता सांगते, एक.
मला माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत होतं.
विचारलं मात्र कधी नव्हतं.
ते विचारणं तू पाठीवरून आणलं होतंस,
ज्या ओझ्याला मी सोमवारी हसले होते.
मनातल्या मनात, पण हसले होते.

या भाषेत शेऱ्याचं एक चिन्ह आहे,
आम्ही त्याला दिवा म्हणतो.
मी फारसे लावले नाहीत कधी,
वाटायचं, ज्याला येतं त्याला उजेड कशाला.

तू एक लावलास. त्याच्यापुढे लिहिलंस :
बोट रिकामी असू शकते.

'रिकामी' चुकीचं लिहिलंयस.
राहू दे.