वटावाचा दर

बेलापूरच्या कचेरीत, चौथ्या मजल्यावर,
माझ्या तक्त्यात एक चौकट आहे. तिच्यात आकडा भरला
की पुढची तीस वर्षं
फुगतात किंवा आक्रसतात.

तीन टक्के भरले तर विसाव्या वर्षीचा रुपया
आज पंचावन्न पैशांचा.
आठ भरले तर एकवीस.
बारा भरले तर दहा पैसे,
आईच्या बटणांच्या डब्यात पडून असलेलं
ते नाणं.

याला वटाव म्हणतात.
पेढीवर हुंडी वटवायचे, तोच शब्द.
इथे हुंडी उन्हाळ्याची आहे
आणि ती कुणाच्या नावावर, हे लिहिलेलं नाही.

नव्या इमारतींच्या छताला केवढा थर,
भिंतीला कुठली वीट, खिडकीवर किती सावली,
यातलं काय सक्तीचं व्हावं ते मी ठरवत नाही.
मी वजाबाकी करते.
वाचणाऱ्या विजेचं आजचं मोल,
त्यातून आजचा खर्च उणे.
उत्तर शून्याच्या वर आलं तर नियम.
खाली आलं तर शिफारस.

शिफारस कशी दिसते
ते घणसोलीत बघितलं. नीलपर्ण सोसायटी,
सातवा मजला, वर फक्त स्लॅब.
बिल्डर म्हणाला होता, मॅडम, गिऱ्हाईक
देवघराचा कोपरा विचारतं, लिफ्ट विचारतं,
छताची जाडी विचारणारा अजून जन्मायचाय.
मालक गद्रे कोथरूडला. फोनवर म्हणाले,
बिल भाडेकरू भरते, मी कशाला खर्च करू?

आणि सोसायटीच्या सभेत
अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काळोखे उठले:
"साडेसहा वर्षांत पैसे वसूल म्हणता?
माझ्या डॉक्टरनं मला एवढी मुदत दिलेली नाही."
सगळे हसले. तेही हसले,
आणि हात विरोधात वर केला.
मी वहीत काही लिहिलं नाही.
त्यांचा दर त्यांच्यापुरता बरोबर होता.

भाडेकरू रुक्साना तांबोळी. ब्लाऊज शिवते.
मी यंत्र छताकडे रोखलं: एक्केचाळीस.
"हात लावून बघा ना," ती म्हणाली
आणि शिवणाचं स्टूल पुढे सरकवलं.
लावला.
संध्याकाळचे साडेसात झाले होते.
पारसिकमागे ऊन कधीच गेलं नव्हतं, ते इथे
सिमेंटमध्ये मुक्कामाला होतं.

फ्रीजवर चुंबकाखाली विजेचं बिल.
सहाशे चाळीस रुपये.
मी दोनदा वाचलं.
दोन पंखे, एक मशीन, एक ट्यूब. एसी नाही.

एसी नाही, म्हणजे वाचवायला वीज नाही.
वीज नाही, म्हणजे बचत नाही.
माझ्या तक्त्यात, कुठलाही दर घ्या,
तीन घ्या, बारा घ्या,
या खोलीवर घातलेला थर
तीस वर्षांत एक रुपयाही कमवत नव्हता.
शून्याला कशानेही वटवा.

चहा दिला तिनं. विचारलं,
"तुमच्या हिशोबात आमचं काय बसलं?"
मी म्हटलं, अजून आकडे यायचेत.
बचत गटाचं कर्ज ती महिना दोन टक्क्यांनी फेडते.
म्हणजे उद्याचं मोल तिच्याकडे
सगळ्यात आधी वितळतं,
आणि उद्या तिलाच सगळ्यात जास्त
भाजणार आहे.

मसुदा गेला. दर आठच राहिला,
आठ सगळ्यांना चालतो.
नव्वद पानांच्या शेवटी मी एक ओळ घातली.
तळटीप तीन:
ज्या घरांत वातानुकूलन नाही
तिथला उकाडा या विश्लेषणात मोजलेला नाही.

साहेबांनी चष्मा वर केला.
म्हणाले, अक्षर जरा बारीक करा.
केलं.
पुसायला मात्र
ते म्हणाले नाहीत, आणि मीही
पुन्हा विचारायला गेले नाही.