बिब्ब्याची खूण

खानापूरच्या घाटावर, मलप्रभेत गुडघाभर उभा राहून
आमचा बाप अख्ख्या गावाचे कपडे वाचायचा.
शाळेत तो गेला नव्हता.
मराठीच्याही नाही, कानडीच्याही नाही.

करवंटीत बिब्बे असायचे,
काळे, चपटे, काळजाच्या आकाराचे.
सुई टोचायची, टोकाला तेल धरायचं,
कॉलरच्या आतल्या अंगाला एक ठिपका,
वर ओल्या चुन्याचं बोट.
ठिपका आधी तपकिरी.
मग एखाद्याला उशिरा काही कळत जावं
तसा हवेवर काळा होत जाई,
आणि नंतर सोडा, साबण, दगड,
कशालाच दाद देत नसे.

दोन ठिपके, मधे रेघ: सांबरेकर वकील.
तीन ठिपके, चुलीच्या दगडांसारखे: हिरेमठांचं घर.
फुली, खाली टिंब: पोस्टातले मुजावर.
चर्चमागच्या आंतोनेतबाईची नुसती एक तिरकी रेघ,
कारण तिला दुसरं कुणी नव्हतं.

"हात नको लावू पोरी, उतेल."
मी लावला.
मनगट टम्म फुगलं, पाणी धरलं,
आई दोन दिवस खोबरं चावून लेप देत बसली.
बापाच्या बोटांना काहीच होत नसे,
किंवा जे व्हायचं ते होऊन संपलं होतं.

कुणी म्हणालं, अमक्यानं सोयरिकीत बिब्बा घातला,
की बाप चिडायचा.
"बिब्बा घातलाय म्हणून तर
तुझं धोतर तुझ्याच घरात येतंय की रे!"

एका वर्षी स्टँडवरच्या पाटीवरून पेटलं होतं.
रात्री कुणी एक लिपी डांबरानं बुजवी,
दुसऱ्या रात्री कुणी दुसरी.
त्याच आठवड्यात असोग्याच्या वळणावर
एक माणूस पाण्यातून वर आला.
चेहरा माशांनी ठेवला नव्हता.
हवालदार कानडीत विचारत होता, गर्दी मराठीत,
आणि दोघांचा प्रश्न एकच:
आपला, की त्यांचा?

बापाला बोलावलं.
तो उकिडवा बसला, ओली कॉलर उलटली.
गोल, आणि गोलात टिंब.
बराच वेळ अंगठा त्यावरच ठेवून म्हणाला,
"खानावळीतला वाढपी. गुंडू म्हणायचे.
रामदुर्गाकडचा. सदरा एकच.
शनवारी टाकायचा
आणि वाळेस्तोवर इथंच दगडावर उघडा बसायचा."
गर्दीतून पुन्हा कुणीतरी: पण आपला की...
"धुवायला माझ्याकडं होता,"
बाप म्हणाला, आणि पाण्यात परत गेला.
राहिलेल्या चादरी होत्या.

तो वारला तेव्हा पेटीत दोन सदरे निघाले.
दोन्ही कॉलरी कोऱ्या.

आता बेळगावात, टिळकवाडीच्या कॉलेजात,
मी फळ्यावर कॅटेकॉल काढते.
सहा कोपऱ्यांचं एक घर,
शेजारीशेजारी दोन हात बाहेर आलेले,
मागं पंधरा कार्बनची लांब शेपटी.
सांगते, हे बिब्ब्यात असतं. आंब्याच्या चिकात याची भावंडं.
हवा लागली की एकमेकांत गुंतत जातं,
म्हणून सुटत नाही.
कातडीला ते परकं वाटतं, म्हणून कातडी पेटते.
पोरं लिहून घेतात. मागच्या बाकावरचा भरमू विचारतो,
"मॅडम, परीक्षेला येतंय काय हे?"

येतं, म्हणते मी.
आणि खडू हातातच ठेवून त्या आकृतीकडं बघत राहते.
घर, दोन काड्या, शेपूट.
ही कुणाची खूण, अप्पा?
कुठल्या गल्लीत द्यायचा हा सदरा?

तास संपल्याची घंटा होते.
डस्टर एकदाच फिरवलं की सगळं जातं.
मनगटावरचं तेवढं नाही.